पाणी न घालता आलेली मेथी

जमिनीतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणाला कळत नाही. वीस वर्षं शेती केली, आणि त्या वीस वर्षांत माझ्या रानात न चुकता दरसाल जोमात आलेलं पीक म्हणजे गाजरगवत.

शाळेचं विचारू नका. चार वर्षं मी शाळेत जात होतो, पण शाळा काही माझ्यात आली नाही. हे सुद्धा मी लिहीत नाहीये, फोनला बोलून दाखवतोय आणि फोन लिहितोय. कुठं चुकलं तर फोनला बोला, तो शिकलेला आहे.

आमच्या घरात शिकलेली माझी बायको. नर्सिंग केलेली, तिकडं गावाकडं हॉस्पिटलात बारा वर्षं काढलेली. तिच्या कागदांवर आम्हाला कॅनडा मिळाला. मी तिच्या बॅगांबरोबर आलो, आणि विमानतळावर बॅगा लवकर सुटल्या, मला तासभर बसवून ठेवलं.

पहिली दोन वर्षं देशाच्या पार पश्चिम टोकाला, सरे नावाच्या शहरात, मेव्हण्याच्या म्हणजे बायकोच्या दादाच्या बेसमेंटात. मेव्हणा कंप्युटरवाला, दर रविवारी जिना उतरून खाली यायचा आणि लई प्रेमानं विचारायचा, काय दाजी, काही हललं का? म्हणजे नोकरीचं. पण विचारायची तऱ्हा अशी की जणू मला चार दिवस संडासला झालीच नाही. नोकऱ्या मी करून बघितल्या. एका ग्रोसरीत कांद्याजवळ उभा केला होता, तिथं मी गिऱ्हाइकांना कुठल्या पिशवीतला कांदा सडलाय ते खरं सांगत बसलो. दुपारच्या आत घरी. बायको म्हाताऱ्यांच्या होममध्ये दोन दोन शिफ्ट करायची आणि मी तिचा डबा भरायचो. डबा चांगला भरायचो, तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

मग गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगितलं की तिकडं क्यूबेकला एका खेड्यात चीजच्या कारखान्यात माणसं पाहिजेत. शिक्षण विचारत नाहीत, भाषा आली नाही तरी चालतं, कारण चीज काही बोलत नाही. मी म्हटलं, हे माझ्यासाठीच काढलंय. बायकोनं मात्र आधी सगळं ठरवून घेतलं. फेब्रुवारीत मी जायचं. ऑगस्टमध्ये ती चार दिवस रजा काढून येणार, बघणार. राहण्यासारखं वाटलं तर ती तिकडचं काम शोधून कायमची येईल. नाही वाटलं तर मी गुपचूप परत सरेला, आणि मग तिचा दादा म्हणेल ते करायचं. दादाच्या मनात काय होतं मला माहीत होतं. गवत काप, बर्फ शोव्हल कर, पोरांना क्लासला सोडून आण, आणि रविवारी खाली येऊन विचारणार, काही हललं का.

म्हणजे सगळं त्या चार दिवसांवर होतं. आणि त्या चार दिवसांचा मी काय चिखल केला तेच सांगायचंय. चिखल म्हणजे बोलायची पद्धत आहे. खरा शब्द पुढं येईल.

गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान, एक पेट्रोल पंप, आणि बाकी सगळा मका आणि डुकरं. सगळे फ्रेंच. इंग्रजी बोललात तर ऐकून घेतात, पण चेहरा असा करतात जसं तुम्ही त्यांच्या ताटात हात घातला. मला दोन्ही येत नसल्यानं माझ्यावर कुणाचा राग नव्हता. घर मिळालं एका म्हातारीचं. वय ऐंशीच्या पुढं, वर ती एकटी आणि खाली मी. बेसमेंट सुटावं म्हणून अख्खा देश ओलांडून आलो आणि परत बेसमेंटातच उतरलो. खिडकी जमिनीला टेकलेली. तिच्यातून मला आभाळ दिसायचं नाही, गवताची बुडखं दिसायची.

आता किळस. लहानपणापासून मी किळसवाणा, म्हणजे मला किळस लई येते अशा अर्थानं. दुसऱ्या अर्थानं सुद्धा असेन, बायकोला विचारा.

कारखान्यात माझं काम चीज करायचं नव्हतं, चीज पुसायचं होतं. भाकरीएवढी रुंद, चांगली जाड चीजची चाकं फळ्यांवर मांडलेली, थंड खोली, आणि मी मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक चाक पुसायचं. एक दिवसाआड परत तेच. पुसून पुसून त्याला नारिंगी, बुळबुळीत साल धरते आणि वास सुटतो. तीन दिवस बुटात राहिलेला ओला मोजा असतो ना, तो घ्या आणि बोकडाच्या अंगाला पुसा. तो वास आला की मालक खूष व्हायचा, म्हणायचा, तयार झालं. मला वाटायचं, मेलं. गावातली माणसं तेच पावाला लावून डोळे मिटून खायची. माझ्या बोटांना तो वास चिकटला तो चिकटलाच. चहाचा कप तोंडाशी नेला की चहा मोज्याचा लागायचा.

बरं, भेटलं की गालाला गाल लावायची पद्धत. इकडून एकदा, तिकडून एकदा, वर तोंडानं चुच् करायचं. म्हातारी रोज सकाळी मला तशी भेटायची. तिच्या गालाला कसलं तरी क्रीम, ते माझ्या मिशीला लागायचं, आणि जिना उतरता उतरता मी बाहीनं तोंड पुसायचो. भांडी घासायची तऱ्हा बघितलीत तर जेवण बंद कराल. सिंकमध्ये फेस करतात, त्यात ताट बुडवतात, आणि फेसासकट काढून फडक्यानं कोरडं करतात. वरून पाणी नाही. एकदा तिच्याकडं सूप प्यायलो, दिवसभर ढेकरा लिंबाच्या साबणाच्या.

ईस्टरला तिनं मला एक वाडगा आणून दिला. आत काहीतरी करडं, गार, थरथरणारं. मी फोनवर फोटो काढून विचारलं, फोन म्हणाला, डुकराच्या डोक्याची वडी. डोकं उकळून त्याच्या रसात गोठवतात म्हणे. म्हातारी समोर उभी. मी छातीला हात लावला, वुई वुई, म्हणजे हो हो, मेरसी मादाम, म्हणजे आभार बाई, डोळ्यात पाणी आणलं, खाली आलो आणि वाडगा वॉशरूममध्ये ओतून फ्लश केला. दोनदा करावा लागला. पहिल्यांदा ते परत वर येऊन माझ्याकडं बघत होतं. वाडगा तीनदा घासून, उन्हात वाळवून तिला परत दिला. ती एवढी खूष झाली की पुढच्या आठवड्यात आणखी एक.

सिंकचं पण सांगून टाकतो, कारण पुढं लागणार आहे. कारखान्यात चीजचं उरलेलं पाणी फुकट मिळायचं, बादलीनं. मी त्याची कढी करायचो. बादलीभर पाण्यातली तांब्याभर कढी व्हायची, बाकीचं सिंकमध्ये. भज्यांचं तेल सिंकमध्ये. चहाचा चोथा, भाताची पेज, सगळं सिंकमध्ये. कॅनडा आहे, मी म्हणायचो, इथं सगळं आपोआप कुठंतरी जातं.

शेजारी डुकरवाला. साठीचा, लालबुंद, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्याचे दोन लांबच लांब गोठे आमच्या घरापासून एक शेत सोडून पलीकडं. एप्रिलच्या शेवटी त्यानं टँकर जोडून डुकरांची पातळ घाण रानात फवारली, आणि तीन दिवस सगळं गाव खिडक्या लावून बसलं. मी चौथ्या दिवशीही नाकाला रुमाल बांधून चीज पुसायला गेलो. तिथले हसले. मोज्यांच्या खोलीत नाक बांधून येणारा पहिलाच माणूस, असं काहीसं म्हणाले असतील.

मे महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे दाराच्या मुठीला कुणीतरी पिवळा कागद अडकवून गेलं, त्याच्यावर टँकरचं चित्र. मला वाटलं डुकरवाल्याची जाहिरात. कागद जाड होता, तो मी धने पाखडायला ठेवला. दुसरी म्हणजे म्हातारी मला घेऊन मागच्या अंगणात गेली, जमिनीकडं बोट दाखवलं, हातानं खणल्यासारखं केलं, गवत बाजूला सारल्यासारखं केलं, आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, वुई वुई. मला वाटलं, बाई म्हणतेय इथं खण, काहीतरी लाव. किती चांगली बाई.

मागच्या अंगणात गवत सगळीकडं पिवळट, पण एका जागी, बाजेएवढ्या तुकड्यात, असं हिरवं की बघत राहावं. मी माती उचलली, चोळली, नाकाला लावली. काळीभोर, ओलसर. म्हटलं, हीच. ह्या गावात एवढी वर्षं राहतात आणि कुणाला ही जागा दिसली नाही. गवत सोलून काढलं आणि डब्यातल्या मेथ्या आणि धने टाकले.

मेथी अशी आली की मी रडलो. पानं नाण्याएवढी. आणि गंमत म्हणजे पाणी घालावं लागायचं नाही. ऊन तापलं, डुकरवाल्याचा मका वाळायला लागला, पण माझा वाफा सदा ओला. बायकोला व्हिडिओवर दाखवायचो, म्हणायचो, बघ, आपल्याकडं विहीर असून जमलं नाही, इथं बिनपाण्याची मेथी. ती म्हणायची, पाणी येतं कुठून? मी म्हणायचो, जमीन. जमीन ओळखता आली पाहिजे. ती फोन ठेवून द्यायची. तिला शिफ्ट असायची.

एकट्याला किती मेथी खाणार? जुड्या बांधून मी वाटायला लागलो. म्हातारीला आठवड्याला दोन. ती ऑम्लेटात घालायची. चर्चच्या पाद्र्याला, दुकानवालीला, कारखान्याच्या मालकाला. सगळे गालाला गाल लावून घेऊन जायचे. सगळ्या रस्त्यावर ज्याला मेथी दिली नाही असा एकच, डुकरवाला. कारण जूनपासून माझं त्याच्याशी वैर चालू झालं होतं.

वासामुळं. टँकर बंद होऊन महिना झाला तरी वास जाईना. उलट वाढायला लागला. खिडकी उघडली की भपकारा, अगदी दाराशी. आंबट, कुजका, मधूनच अंड्यासारखा. मी म्हटलं, हा माणूस चोरून घाण सोडतोय. दिसला की मी मान फिरवायचो. तो हात हलवायचा, मी नाक धरायचो. लांबून धरायचो, पण त्याला दिसेल असं. तो एकदा आमच्या कुंपणाशी आला, मागच्या अंगणाकडं बोट दाखवून काहीतरी सांगायला लागला. मला वाटलं मेथी मागतोय. मी आत निघून गेलो आणि खिडकी आपटली. खिडकी जमिनीलगत असल्यानं त्याला फक्त माझे हात दिसले असतील.

बायको यायला दोन आठवडे राहिले तेव्हा मला घाम फुटला. बारा वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई, तिला वास लपणार आहे का? दारात पाय ठेवला की परत फिरेल. मी फोनला मराठीत सांगितलं, फोननं फ्रेंच केलं, आणि गावच्या ऑफिसला तक्रार धाडली. शेजारचा डुकरवाला आपली घाण माझ्या दारात सोडतो, माझी बायको येणार आहे, त्याला ताबडतोब बंद करा. खाली घराचा नंबर. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या ऑफिसला काही लिहिलं होतं. छाती भरून आली.

ती शुक्रवारी आली. मी कोपरा न कोपरा पुसला होता, उदबत्त्यांचं पाकीट संपवलं होतं. ती दारात थांबली, नाक किंचित वर केलं. मी लगेच म्हटलं, शेजारचा डुकरवाला, कळवलंय ऑफिसात. ती बरं म्हणाली. जेवायला मेथीची भाजी, मेथीचं वरण आणि मेथीचे पराठे. ती दमलेली होती, लई दिवसांनी कुणीतरी तिला गरम वाढत होतं. तीन पराठे खाल्ले. म्हणाली, मेथीला चव वेगळीच आहे. मी म्हटलं, जमीन.

शनिवारी चर्चच्या मैदानात मक्याची कणसं सोलायचा कार्यक्रम होता. दर ऑगस्टला करतात. सगळं गाव जमतं, पोती भरून कणसं सोलतात, मोठ्या काहिलीत उकळतात आणि खातात. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण टेबलावर लोण्याची वीट ठेवलेली असते, चांगली दोन हात लांब. जो तो आपलं कणीस आणतो आणि त्या विटेवर लोळवतो. सगळ्यांची एकच वीट. आणि लोक अर्धं कणीस खाऊन झालं की परत येतात आणि तेच चावलेलं कणीस परत लोळवतात. विटेला मधे पन्हाळ पडलेली, तिच्यात मक्याची सालं, मिशीचे केस, कुणाच्या ओठाचा लाल रंग. उष्टं म्हणून काही असतं हे ह्या लोकांना कुणी सांगितलंच नाही.

बायकोला मी आधीच बजावून ठेवलं होतं की त्या विटेला हात लावायचा नाही. मी घरून डबी नेली होती, स्वतःचं लोणी, मीठ, तिखट, लिंबू. तिला म्हटलं, ये, बाजूला बसू. तिनं माझ्या डबीकडं बघितलं, मग त्या टेबलाकडं बघितलं. तिथं म्हातारी उभी राहून तिला हात करत होती. बायको गेली आणि कणीस लोळवलं. चार म्हाताऱ्यांच्या मधे उभी राहून हनुवटीवरनं लोणी गळतंय आणि हसतीय. भाषा नाही, काही नाही. एकीचा सुजलेला पाय बघितला, दुसरीच्या गोळ्यांची डबी बघितली. दोन वर्षांत मी तिला अशी हसताना बघितलं नव्हतं, आणि माझं डोकं फिरलं. मी एकटाच झाडाखाली माझ्या डबीबरोबर.

तेवढ्यात डुकरवाला आला. हातात दोन कणसं, लोण्यानं निथळणारी. एक माझ्यापुढं धरलं. अंघोळ करून, भांग पाडून, पांढरा शर्ट घालून आला होता, साबणाचा वास येत होता. मी त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, दोन बोटांनी नाक दाबलं. सगळ्यांनी बघितलं. त्यानं ते कणीस दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं. बायको लांबून बघत होती. घरी येताना माझ्या चार पावलं पुढं चालत होती.

रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली. आतून पाण्याचा आवाज बंद झाला आणि गुडगुड ऐकायला आली, म्हशीच्या पोटात होते तशी. मग तिची हाक. मी दार उघडलं. ती शॉवरच्या कोपऱ्यात टाचा उचलून उभी, आणि खालच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय, त्याच्यावर तेलाचा तवंग, चहाचा चोथा, आणि बाकीचं मी सांगत नाही, तुम्ही जेवून वाचत असाल. घोट्यापर्यंत आलं. वास तोच. जूनपासूनचा, अगदी तोच.

आणि मी त्या दारात उभा राहून काय म्हणालो असेन? म्हणालो, बघितलंस, डुकरवाल्यानं पाइप आपल्या घरात फिरवलाय.

तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं, पाय धुतले, टॉवेल गुंडाळून वर म्हातारीकडं गेली. तासाभरानं खाली आली ती कपडे करून. एकच विचारलं, ह्या घराची टाकी कुठाय? मी म्हटलं, कसली टाकी, अगं कॅनडा आहे हा. ती म्हणाली, हे खेडं आहे. गटार दिसलं का कुठं तुम्हाला?

खरं सांगतो, सहा महिन्यांत माझ्या मनात ते आलं नव्हतं.

म्हातारीनं फोन केला, आणि सोमवारी सकाळी मदतीला कोण आलं? डुकरवाला. गावात कुणाचं काही तुंबलं की हाच येतो म्हणे, पैसे घेत नाही. रबराचे बूट, फावडं आणि एक लोखंडी सळई. त्यानं मला नमस्कार केला नाही, बायकोला केला. मागच्या अंगणात जाऊन सळई टोचत टोचत चालायला लागला. इथं मऊ, तिथं मऊ. मग तो माझ्या वाफ्यापाशी थांबला. मी पुढं झालो, हात आडवे केले, नो नो, मेथी. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सळई मेथीत खुपसली. वीतभर खाली सिमेंटवर आवाज आला, टण. सळई वर काढली. तिच्या टोकाला जे होतं ते टपकून मेथीच्या पानावर पडलं.

नेमकी तेव्हाच गावच्या ऑफिसातली बाई आली, हातात कागद. माझी तक्रार. ती शेजाऱ्याशी बोलली, कागद दाखवला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला. मला वाटलं आता हाणणार. मी मनातल्या मनात पाठ वळवून ठेवली होती. त्यानं कागद घडी करून बाईला परत दिला, फावडं उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. बस्स.

मी खणलं. माझी मेथी मी माझ्या हातानं उपटली, खालची माती काढली, आणि ती माती नव्हतीच. म्हणजे वरची चार बोटं माती होती, बाकीचं आमचंच. म्हातारीचं आणि माझं. तेल थिजून साबणासारखं झालेलं, त्यानं तोंड बंद, आणि टाकी तुडुंब होऊन झाकणाच्या फटीतून वर झिरपत होती, मेथीच्या मुळाशी. बिनपाण्याची मेथी. झाकण उचललं तेव्हा पहिला भपकारा आला आणि डुकरवाला, आयुष्यभर डुकरांत राहिलेला माणूस, दोन पावलं मागं सरकला. मला ओकारी आली. ती मी बाजूला जाऊन काढली, परत टाकीत भर नको म्हणून.

ओकता ओकता एकेक आठवायला लागलं. भाजी. पराठे. धपाटे. कच्ची मेथी, कांदा आणि शेंगदाण्याचं कूट घालून, वरनं लिंबू. ती मी लई खाल्ली. लोण्याच्या विटेवर माणसं कणीस लोळवतात म्हणून मी नाक मुरडत होतो आणि अख्ख्या गावाला मी काय चारलं होतं? पाद्र्याला. दुकानवालीला. मालकाला, ज्यानं म्हटलं होतं की चीजमध्ये घालून बघू.

म्हातारी काठी टेकत आली. तिनं वाफा बघितला, टाकी बघितली, उपटून टाकलेल्या जुड्या बघितल्या. मग माझा फोन मागितला आणि त्यात हळूहळू काहीतरी बोलली. फोनमधली बाई स्वच्छ मराठीत, शाळेत धडा वाचतात तशा आवाजात म्हणाली,

"मी जूनपासून हेच खात होते का?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, वुई वुई.

म्हातारीनं डोळे मिटले. मग ती हसायला लागली. दात नसलेल्या तोंडानं, काठीवर वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ऑफिसातली बाई पण. हसला नाही तो फक्त डुकरवाला. त्यानं जमिनीवर पडलेलं पान बुटानं उलटं केलं, माझ्याकडं बघितलं, आणि मी तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघू शकलो नाही. त्या दिवशी मला तो कुंपणाशी येऊन काय सांगत होता ते कळलं. मेथी मागत नव्हता बिचारा.

दुपारी टँकर आला. पिवळ्या कागदावरचा टँकर हाच, मे महिन्यातच यायचा होता, झाकण उघडं ठेवा असं त्या कागदावर लिहिलेलं, आणि म्हातारी मला खणायला सांगत होती ते ह्याच झाकणासाठी. जाड सोंड टाकीत सोडली आणि सगळं घर हादरवत ओढून घेतलं. मधेच सोंड अडकली. माणसानं हात घालून काढलं तर ईस्टरची वडी. तशीच, अंगावर ओरखडा नाही. म्हातारीनं ती ओळखली. तेव्हा मात्र ती हसली नाही, वर निघून गेली.

त्याच्यापेक्षा ती मला मारती तर बरं झालं असतं.

मी डुकरवाल्याकडं गेलो. फोन घेऊन गेलो नाही, फोननं माझी आधीच वाट लावली होती. त्याच्या गोठ्याच्या दारात उभा राहिलो, दोन्ही कान धरले. त्याला त्याचा अर्थ कळला नसणार. त्यानं आतून एक खराटा आणून मला दिला आणि नाली दाखवली. मी अंधार पडेपर्यंत डुकरांची नाली झाडली. वास होताच, पण माझ्याकडं बघून डुकरंच कोपऱ्यात सरकत होती, तेव्हा बोलणार कुणाला?

मंगळवारी सकाळी बायकोची बॅग भरलेली. ती वर म्हातारीपाशी बसली होती. मी जिन्यात थांबून ऐकलं. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं आणि दोघी बोलत होत्या. बायको तिच्या गोळ्या दिवसाप्रमाणे लावून देत होती. नंतर मला कळलं, म्हातारी रक्तदाबाची गोळी दोनदा घेत होती आणि झोपेची विसरत होती, मुलगी शहरात, महिन्यातून एकदा येते. तालुक्याच्या गावी म्हाताऱ्यांचं होम आहे, तिथं माणसं मिळत नाहीत, म्हातारीनं तिथल्या बाईशी फोनवर बोलून पण ठेवलं होतं. फ्रेंच लागेल म्हणे. म्हातारी शिकवते म्हणाली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं सरेचं बेसमेंट, गवत कापायचं मशीन आणि जिन्यातून उतरणारे मेव्हण्याचे पाय. बायको खाली आली, पायरीवर बसून बूट घालायला लागली. मी चार वेळा अंघोळ केली होती तरी तिच्यापासून तीन हातांवर उभा राहिलो. म्हटलं, काय ते एकदाच सांगून टाक, मी दादाला फोन करतो.

ती म्हणाली, "दादाला मी केला. ऑक्टोबरपासून येतेय इकडं."

एवढं सगळं बघून, त्या पाण्यात उभी राहून, तीन पराठे खाऊन सुद्धा ही बाई माझ्यासाठी येतीय. मी पुढं सरकलो आणि म्हणालो की मला माहीत होतं, तू मला एकटा टाकणार नाहीस.

तिनं नाडी बांधली, उठली, आणि बॅग माझ्या हातात दिली.

"तुमच्यासाठी नाही येत. त्या म्हातारीला तुमच्या ताब्यात एकटीला कशी सोडू?"